कुंदानं खडे गिळलेत (कासवाचं पिल्लू, तातडीचं)

अनगोळचा_अण्णा (सोमवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. घरात दीड महिन्यापासून एक कासव आहे. पाठ हिरवी, डोळ्यामागे लाल पट्टा, आकार बिस्किटाएवढा. पोरगा पाचवीत आहे, त्याने हट्ट केला म्हणून आणलं आणि त्यानेच नाव ठेवलं कुंदा. दुकानदाराने काचेच्या पेटीबरोबर रंगीत खड्यांची पिशवी फुकट दिली होती.

शुक्रवारी रात्री बघतो तर हा गडी तळाला नाक लावून एकेक खडा तोंडात घेतोय आणि थुंकतोय. आम्ही सगळे हसलो, बायकोने व्हिडिओ काढला. नंतर तो व्हिडिओ मोठा करून बघितला तेव्हा कळलं की दोन निळे खडे आत गेले ते परत आलेच नाहीत. त्याआधी किती गेले असतील देव जाणे. खडे तुरीच्या डाळीएवढे आहेत.

तीन दिवस झाले, खात नाही, शी नाही, नुसतं कोपऱ्यात बसून आहे. एका दवाखान्यात फोन केला तर म्हणाले आम्ही कुत्री-मांजरंच बघतो. पोरगा शाळेला जाताना रडूलालाय. कुणाला अनुभव आहे का?

शहापुरी_मिसळ (१०:५२)

बेळगावची कुंदा मिठाई खाणारे खूप पाहिले, खडे खाणारा कुंदा पहिल्यांदाच. माफ करा अण्णा, राहवलं नाही. गंमत बाजूला, पेटीतले खडे आत्ता काढा, सकाळपर्यंत थांबू नका.

टिळकवाडी_तिसरं_गेट (१०:५५)

खडे घेतले कुठून, खडेबाजारातून?

शहापुरी_मिसळ (१०:५६)

कुठल्या खडेबाजारातून? आमच्या शहापूरच्या की तुमच्या बेळगावच्या?

उगारची_ताई (११:२०)

अण्णा, घाबरू नका, पण ढिलाईही नको. माझ्याकडे याच जातीची मादी अकरा वर्षं आहे. दुकानात पोळीच्या लाटीएवढी होती, आता जेवणाच्या ताटात मावत नाही. तिनेही लहानपणी हाच उद्योग केला होता.

पहिलं, खडे सगळे काढा. तळ उघडा राहू दे, दिसायला भिकार दिसतो पण साफ करायला सोपा. नंतर हौस वाटली तर त्याच्या डोक्यापेक्षा मोठे, गुळगुळीत नदीतले गोटे ठेवा. तोंडात मावेल असा दगड पेटीत नको, एवढा एकच नियम.

दुसरं, पाणी किती गार आहे? हे सगळ्यात महत्त्वाचं. कासवाला स्वतःची ऊब नसते. पाणी गार म्हणजे पोट बंद. बेळगावात आत्ता पहाटे काय थंडी असते ते मी सांगायला नको. पिल्लाला पाणी २६ ते २८ अंश लागतं आणि पाण्याबाहेर बसायच्या जागी ३२-३५. तेवढी ऊब असेल तर बारीक गुळगुळीत खडे बहुतेक वेळा आपोआप खाली सरकतात. गार पाण्यात तोच खडा आठवडाभर हलत नाही.

तिसरं, हे बघून सांगा: पोहताना एका बाजूला कलतंय का? नाकातोंडातून बुडबुडे येतात का? मान ताणून तोंड उघडून श्वास घेतंय का? मागच्या बाजूला जोर लावतंय का, काही लाल-गुलाबी बाहेर आलंय का? यातलं एक जरी असेल तर हा धागा बंद करा आणि उद्या सकाळी डॉक्टर गाठा.

निपाणीचा_पावणा (११:३१)

एवढं कशाला? एरंडेलाचे दोन थेंब ड्रॉपरने तोंडात सोडा. सकाळी मोकळं. आमच्या अज्जीनं आम्हा सगळ्या नातवंडांना दर महिन्याला पाजलंय, कुणी मेलं नाही.

गुरांचा_डॉक्टर (११:४४)

पावणं, हात जोडतो, हे करू नका. कासवाच्या पिल्लाचं तोंड जबरदस्तीनं उघडून तेल सोडलं की त्यातलं थोडं फुफ्फुसात जातंच. मग खड्याचं दुखणं राहतं बाजूला आणि न्यूमोनियाने जातं. एरंडेल, तूप, साबणाचं पाणी, पोट दाबणं, काही नको. वंगण द्यायची वेळ आली तर डॉक्टर बारीक नळी थेट जठरात घालून देतो.

मी मूळचा म्हशी-बैलांचा डॉक्टर, खानापूर भागात नोकरी गेली. पण हल्ली गोठ्यापेक्षा काचेच्या पेट्या जास्त येतात. उगारच्या ताईंनी सांगितलंय ते बरोबर आहे. त्यात एवढंच घालतो की तीन दिवस न खाणाऱ्या पिल्लाचा एक्स-रे काढाच. दगड एक्स-रेत हाडाइतका स्पष्ट पांढरा दिसतो. किती आहेत, कुठे आहेत हे पाच मिनिटांत कळतं. अंदाजावर राहू नका.

निपाणीचा_पावणा (११:५०)

डॉक्टर, मग कोंबडी खडे खाते त्याचं काय? कोंबडी मुद्दाम वेचून खाते. मगरसुद्धा खाते. नदीतल्या कासवाला कोण खडे काढून देतंय?

गुरांचा_डॉक्टर (मंगळवार, सकाळी ६:१५)

प्रश्न चांगला आहे म्हणून उठल्या उठल्या उत्तर देतोय. कोंबडीला दात नाहीत, तिच्या पोटात जाड स्नायूची पिशवी असते, तीच तिचं जातं. खडे त्या जात्याचे दगड, दाणे भरडायला. कासवाकडे तसं जातं नाही. त्याच्या पोटात खडा म्हणजे नुसतं ओझं.

नदीतलं कासव खडे गिळतच नाही असं नाही. पण ते दिवसभर उन्हात पाठ शेकतं, पोहतं, पाला खातं, त्याचं पोट चालू असतं. आणि नदीत ज्याचं पोट तुंबलं ते तुम्हाला सांगायला येत नाही.

म्हशीचं उदाहरण घ्या. वैरणीतून तार किंवा खिळा गेला तर तो जड म्हणून दुसऱ्या जठरात जाऊन बसतो, तिथून पोट-छातीमधल्या पडद्यातून काळजाकडे घुसतो. त्यासाठी आम्ही म्हशीच्या पोटात लोहचुंबक सोडून ठेवतो. कासवाला निदान खडे गुळगुळीत मिळालेत.

शहापुरी_मिसळ (६:४०)

म्हशीच्या पोटात लोहचुंबक!! सकाळच्या चहाबरोबर हे वाचायला मिळालं, धन्य झालो.

अनगोळचा_अण्णा (७:०५)

सगळ्यांचे आभार. खडे रात्रीच काढले, पोरगा साडेअकरापर्यंत जागा होता मदतीला. कलत नाही, बुडबुडे नाहीत, श्वास ठीक वाटतो.

पाण्याचं तापमान बघायला तापाचा डिजिटल थर्मामीटर बुडवला. त्यावर नुसतं 'लो' येतंय. बायको म्हणाली, आता तो परत माझ्या तोंडात घालायचा नाही.

उगारची_ताई (७:१२)

वहिनी बरोबर बोलल्या. मत्स्यपेटीचा साधा थर्मामीटर आणा, काचेला चिकटणारा नको, बुडवायचा आणा. आणि ५० वॅटचा हीटर, प्लास्टिकच्या जाळीसकट. हीटर पूर्ण बुडलेला असेल तेव्हाच चालू करायचा. पाणी बदलताना आधी बटण बंद, दहा मिनिटं थांबा, मग बाहेर काढा. गरम काच उघडी पडली की तडकते. माझे दोन गेलेत.

हात धुता ना? पोराला सांगा, कासवाला हात लावला की साबणाने धुवायचे, आणि मुका घ्यायचा नाही. कासव निरोगी दिसलं तरी अंगावर साल्मोनेला नावाचा रोगजंतू असू शकतो. अमेरिकेत ह्याच कारणानं १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कासवं पाळायला विकण्यावर बंदी आली. पोरं सरळ तोंडात घालायची.

मलप्रभेकाठी (८:३०)

सगळं वाचलं. कुणी वाईट वाटून घेऊ नका, पण मुळात जिवंत प्राणी डब्यात कोंडायचा, त्याच्या तळाला प्लास्टिकच्या रंगाचे खडे टाकायचे आणि मग तो खडे खातो म्हणून रडायचं, ह्याला काय म्हणायचं? आमच्या खानापूरकडच्या विहिरीत आजोबांनी कासव सोडलं होतं, पाणी स्वच्छ ठेवतं म्हणून. कुणी हीटर लावला नाही, कुणी एक्स-रे काढला नाही. मला आठवतंय तेव्हापासून ते विहिरीत होतं.

टिळकवाडी_तिसरं_गेट (८:४१)

भाऊ, विहिरीत सोडणंही कोंडणंच झालं की. फक्त डबा खोल आहे.

गुरांचा_डॉक्टर (९:००)

दोघांचंही थोडं थोडं खरं. एक गोष्ट मात्र इथेच स्पष्ट करतो, नाहीतर वाचून कुणीतरी ओढ्यातलं पिल्लू उचलून घरी आणेल. आपल्या विहिरी-तळ्यांत सापडतं ते मऊ कडांचं पाणकासव आणि रानातलं चांदणीच्या नक्षीचं कासव, दोन्ही १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत. घरी ठेवणं गुन्हा. चांदणी कासवाची तस्करी एवढी चालते की २०१९ मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही बंद झाला.

अण्णांचं ते लाल पट्टीवालं, मूळ अमेरिकेतलं. ते इथलं नाही. म्हणूनच उलटी सूचना: कंटाळा आला म्हणून किल्ला तलावात किंवा राकसकोपच्या जलाशयात सोडू नका. जगातल्या सगळ्यात उपद्रवी १०० परक्या जातींच्या यादीत ते आहे. आपल्या कासवांचं खाणं आणि ऊन खायची जागा दोन्ही बळकावतं. युरोपने १९९७ मध्येच त्याची आयात बंद केली.

मलप्रभेकाठी (९:२०)

म्हणजे आणलं ते चुकलं, आणि आता सोडलं तरी चुकणार.

अनगोळचा_अण्णा (९:२४)

हो. मान्य आहे. दुकानात कुणी हे सांगत नाही. मला तर म्हणाले, 'एवढंच राहतंय, वाढत नाही.'

उगारची_ताई (९:३०)

वाढत नाही!! अण्णा, मादी निघाली तर फूटभर होईल, आणि नीट ठेवलंत तर तुमच्या पोराच्या लग्नातही असेल. तीस वर्षं जगतात.

खडक_गल्ली (१०:१०)

मला सांगा, लोक देवळाच्या गाभाऱ्यापुढच्या दगडी कासवाला नमस्कार करून मग आत जातात, आणि घरी आल्यावर खऱ्या कासवाला खडे खायला घालतात. आमची आजी म्हणायची, कासवी पिल्लाला पाजत नाही, नुसत्या नजरेनं वाढवते. संतांनी देवाच्या मायेला तीच उपमा दिली. अण्णांनी व्हिडिओ काढताना नजर जरा पिल्लाकडे ठेवली असती तर!

शहापुरी_मिसळ (१०:१३)

नजर ठेवली होती, फोनमधून.

अनगोळचा_अण्णा (बुधवार, रात्री ९:२०)

काल सविस्तर लिहायला वेळ झाला नाही. थर्मामीटर आणला. पाणी निघालं २० अंश. म्हणजे बिचारं दीड महिना फ्रीजमध्येच होतं म्हणायचं. हीटर लावला, अर्धा-अर्धा अंश वाढवत आता २७ वर आहे. वर ६० वॅटचा पिवळा बल्ब टांगला, खाली चौकोनी मातीची कौलं उलटी ठेवली. आज दुपारी पहिल्यांदा कुंदा पाण्याबाहेर येऊन चारी पाय ताणून झोपला. आम्हाला वाटलं मेला. तो ऊन खात होता.

एक्स-रे काढला. डॉक्टर कन्नडिग, आम्ही मराठी, कासव अमेरिकन. मी मोडक्या कन्नडात म्हटलं, 'सार, आमे कल्लु नुंगिदे', म्हणजे कासवानं दगड गिळलाय. ते हसायला लागले, म्हणाले, 'मराठीत सांगा, कळतंय.' त्यांनी प्लेटवर काळ्या कागदात कुंदाला ठेवला, हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना कापसाची उशी. फोटोत पाठीचं कवच चंद्रासारखं आणि मागच्या भागात सात पांढरे ठिपके, ओळीनं, जपमाळेसारखे. पोरगा बोटानं मोजत होता. सात.

म्हणाले, 'एनू आगल्ल', काही होत नाही. सगळे आतड्यात उतरलेत, अडकलेले वाटत नाहीत. कातडीखाली सलाईनचं इंजेक्शन दिलं. रोज दोनदा कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं, पाणी फक्त खांद्यापर्यंत. आठ-दहा दिवसांनी परत फोटो. खाणं द्यायचं पण थोडं, वेगळ्या भांड्यात. शी होतेय का बघायचं. मध्येच सुजलं, कललं किंवा काही बाहेर आलं तर त्याच दिवशी यायचं.

गुरांचा_डॉक्टर (९:५५)

चांगले डॉक्टर भेटले. सांभाळून ठेवा त्यांना.

निपाणीचा_पावणा (१०:०२)

एनू आगल्ल म्हटलं की निम्मं दुखणं पळतं. बरं, खायला काय देता? आमच्या शेजारी सुकट घालतात, जवळा. लई आवडीनं खातं म्हणे.

उगारची_ताई (१०:१५)

सुकट नको, मीठ असतं. कधीतरी चाखायला वेगळं, रोज नाही. पिल्लाला कासवाचे दाणे त्याच्या डोक्यात मावतील एवढेच, आणि बरोबर गांडूळ, पाण्यातलं शेवाळ, बारीक चिरलेला पालेभाजीचा तुकडा. मोठं झालं की पाला जास्त, मांस कमी.

आणि अण्णा, खडे चावण्यामागे कधी कधी कॅल्शियमची ओढही असते म्हणतात. असेल नसेल, कॅल्शियम लागतंच. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, तो पांढरा हलका तुकडा पाण्यात टाकून ठेवा. वरचं कडक कवच खरवडून काढा, मऊ बाजू राहू दे. कुरतडत बसेल, खड्याची आठवण येणार नाही. सकाळचं कोवळं ऊनही द्या, पण काचेआडून नको, काचेतून कवचाला लागणारं ऊन येत नाही. सावलीची जागा ठेवा आणि जवळ कुणीतरी बसा. आमच्याकडे घारीनं एकदा घिरटी घातली होती.

टिळकवाडी_तिसरं_गेट (गुरुवार, दुपारी १:३०)

विषय निघालाच म्हणून: खडेबाजाराचा खड्यांशी संबंध नाही. खडा बाजार म्हणजे उभा बाजार, असं आमचे आजोबा सांगायचे. गाडे उभे, गिऱ्हाईक उभं, भावही उभ्या उभ्या.

शहापुरी_मिसळ (१:३४)

आणि आता ट्रॅफिकही उभं.

मलप्रभेकाठी (१:५०)

अण्णा, परवा जरा कडक बोललो. कुंदाचं काय झालं ते लिहा. घरी पोरीला वाचून दाखवलं, ती रोज विचारूलाली आहे.

अनगोळचा_अण्णा (रविवार, सकाळी ८:४०)

मंडळी, काल रात्री आली! कोमट पाण्यात बसवल्यावर दहाव्या मिनिटाला. पाणी बेसिनमध्ये न ओतता चहाच्या गाळणीतून गाळलं. गाळणीत काळपट शी आणि त्यात दोन खडे, एक निळा, एक पिवळा. निळ्या खड्याचा रंग उडून तो राखाडी झालाय, पिवळा तसाच. रंग पोटात गेला असेल का ह्या विचारानं झोप लागली नाही. पोरानं दोन्ही खडे धुऊन काडेपेटीत ठेवलेत.

बायकोनं नवी गाळणी आणायला सांगितली आहे. जुन्या गाळणीवर मार्करनं 'कुंदा' लिहिलंय.

निपाणीचा_पावणा (८:५५)

त्या गाळणीचा चहा पाहुण्यांना देऊ नका म्हणजे झालं.

गुरांचा_डॉक्टर (९:३०)

छान. रंग उडतो म्हणून तर ते रंगीत खडे मला आवडत नाहीत. खातोय ना? डोळे उघडे, अंगात जोर असेल तर काळजी नको. मोजत राहा.

अनगोळचा_अण्णा (पुढचा शनिवार, रात्री ९:१०)

हिशेब देतो. गेल्या शनिवारी रात्री दोन झाले. मंगळवारी एक. गुरुवारी सकाळी तीन एकदम, पोरगा शाळेचे बूट घालता घालता ओरडला. आज संध्याकाळी सातवा. खाणं सुरू झालंय, आज तर माझं बोट बघून पाण्याच्या काठाला धावत आला.

सात झाले म्हणून काडेपेटी बंद करून देवासमोर ठेवली. आता तासाभरापूर्वी परत पाणी गाळलं तर अजून एक. हिरवा. म्हणजे आठ. एक्स-रेत सातच होते. डॉक्टर, हा आठवा कुठून आला? पेटीत एकही खडा शिल्लक नाही, मी स्वतः हात फिरवून बघितलंय.

गुरांचा_डॉक्टर (९:२८)

एकामागे एक असतील, वरून काढलेल्या फोटोत दोघांचा एकच ठिपका दिसतो. म्हणून आम्ही आडवाही एक फोटो काढतो. सोमवारी दोन्ही बाजूंनी काढून घ्या.

मलप्रभेकाठी (९:३१)

पोरगी विचारतेय, नववा असेल का?

अनगोळचा_अण्णा (९:४०)

आमचंही घर तेच विचारतंय. गाळणी अजून धुतलेली नाही.